आमच्या सोप्यातलं चिरूट मंडळ

मंडळाची बैठक उठली की सोपा झाडायचं काम माझं होतं. सतरंजीवर राख, भिंतीच्या कडेला चघळून भिजलेली थोटकं आणि कोपऱ्यात पितळी पिकदाणी. ती दोन्ही हातांनी उचलून परसात न्यायची, घासायची आणि परत जागेवर आणून ठेवायची. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि पहिल्यांदाच दिवस गेले होते. पिकदाणी घेऊन मोरीपर्यंत पोचायच्या आतच मला उलटी व्हायची. मग सगळंच धुऊन काढायचं.

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "सवय होईल. मला झाली."

ही गोष्ट साताऱ्याची, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली. माझे सासरे वकील होते. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. उंच, गोरे, बोलण्यात भारदस्त, कोर्टात त्यांना मान होता. त्यांचा एकच शौक, चिरूट. मद्रासकडून येणारे जाड काळे चिरूट ते सकाळी शौचाला जाण्याआधी पेटवायचे, आणि तेव्हापासून निजेपर्यंत एक विझला की दुसरा. त्यांच्या मिशा कडेने पिवळ्या पडल्या होत्या. त्यांचे कोट मी उन्हात घालायची, पण ऊन लागलं की वास कमी व्हायच्या ऐवजी उलट जागा व्हायचा. माझे यजमान स्वतः काही ओढत नसत. ते पुण्याला लष्कराच्या कोठारात नोकरीला होते आणि महिन्यातून एकदा घरी यायचे.

माझं माहेर कृष्णाकाठचं, वाळव्याच्या बाजूचं. आज ते सांगली जिल्ह्यात येतं, तेव्हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, नदीकाठच्या काळ्या रानात तंबाखू करायचे. तेव्हा तंबाखू मला नवी नव्हती. शेंडे खुडायला लहानपणी मीही जायची. त्या पानांचा चीक हाताला बसतो, काळा आणि चिकट, आणि राखेने घासला तरी निघत नाही. दुपारी त्याच हाताने भाकरी मोडली की घास कडू लागायचा. आई मला भरवायची, कारण तिच्या एका हाताची बोटं ती मुद्दाम फडक्यात गुंडाळून स्वच्छ ठेवायची. मला ते पीक कधी आवडलं नाही. पण माझ्या लग्नातला शालू त्याच पिकातून आला होता, हे मी विसरत नव्हते.

त्या वर्षी सरकारने तंबाखूवर नवा कर बसवला. लढाईला पैसा हवा होता. कायदा मोठा किचकट होता. शेतकऱ्याने किती रान लावलं ते आधी कळवायचं, पान वाळलं की कराच्या साहेबाला दाखवायचं, त्याने वजन केल्याशिवाय विकायचं नाही आणि घरात लपवलं तर जप्ती. दुकानदाराला वेगळा परवाना. आमच्या पेठेत चिरूट विकणारा एकच व्यापारी होता, मुसलमान, पिढीजात दुकान. स्वतः तो सुपारीसुद्धा खात नसे. परवाना नाही म्हणून त्याच्या कोठीला साहेबाने सील ठोकलं. आत चिरुटाच्या पेट्या होत्या.

झालं. गावातल्या प्रतिष्ठितांना चिरूट मिळेना.

मामंजींनी पहिली बैठक घरी बोलावली ती आषाढात. साताऱ्यात आषाढ म्हणजे दारं-खिडक्या लावून बसायचं. त्या कोंदट सोप्यात दहा-बारा माणसं उरलेसुरले चिरूट ओढत बसली. त्यांत एक निवृत्त सुभेदार होते, जर्मनीच्या पहिल्या लढाईत जाऊन आलेले, आवाज खणखणीत. एक डॉक्टर होते. बाकीचे जमीनदार, मामलेदार कचेरीतले, असे. आमच्या घरी सुनांना गोषा होता, म्हणून मी माजघराच्या दाराआड उभी राहायची. चहा गडी न्यायचा. पण धुराला कुठला गोषा? तो दाराखालून यायचा, पडद्यातून यायचा. पोळ्यांना वास, दुधाला वास, माझ्या केसांना वास.

"आपण संघटित झालं पाहिजे," मामंजी म्हणाले. "आज सरकार आपल्या तोंडातला चिरूट काढतंय. उद्या ताटातला घास काढील."

"हा हक्काचा प्रश्न आहे," सुभेदार म्हणाले. "मी राजासाठी खंदकात लढलो. राजानं मला चिरूट ओढू नको म्हणून सांगावं?"

डॉक्टर म्हणाले की माफक धूर छातीला चांगला असतो, आणि तेवढं बोलेपर्यंत त्यांना ठसका लागला. कोणी हसलं नाही. मंडळ स्थापन झालं. मामंजी अध्यक्ष. दर रविवारी बैठक. जो तो घरात साठवलेले चिरूट पुरवून पुरवून आणायचा.

बाहेर लढाई चालली होती. रॉकेल मिळत नव्हतं, धान्याला रांगा लागत होत्या, गावोगावची पोरं चळवळीपायी तुरुंगात किंवा फरारी होती. माझा सख्खा भाऊ पलटणीत होता आणि तो कुठल्या मुलखात आहे हे आम्हाला सांगत नसत. आणि आमच्या सोप्यात ही मोठी माणसं मांडी घालून, डोळे बारीक करून, हक्काचा धूर काढत बसलेली. मला त्यांची किळस यायची. पहिल्यांदा वाटलं की दिवस गेलेत म्हणून असं होतंय. पाचवा महिना लागला, उलट्या थांबल्या, किळस मात्र गेली नाही.

दिवाळी झाली. कराचा मोठा साहेब दौऱ्यावर येणार आणि डाकबंगल्यात उतरणार अशी बातमी आली. मंडळाने त्याला भेटायचं ठरवलं. तेव्हा सुभेदारांनी मुद्दा काढला.

"आपण बारा जण जाणार. साहेब म्हणेल, हे शौकीन लोक. त्याला गर्दी दिसली पाहिजे. शेतकरी पाहिजेत."

मामंजी हळूच म्हणाले, "आमचे व्याही तंबाखू करतात."

मी दाराआड ते ऐकलं आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लग्न झाल्यापासून मामंजींनी माझ्या वडिलांचा उल्लेख असा चार माणसांत केला नव्हता. लग्नातसुद्धा आबा त्यांच्यापेक्षा खालच्या अंगाला बसले होते. मला वाटलं, चला, या घाणेरड्या उद्योगातून एक तरी चांगलं निघतंय. शेतकऱ्यांचं म्हणणं कोणी वकील साहेबापुढे मांडणार असेल तर मी पिकदाण्या घाशीन.

आबांना निरोप गेला. ते गावातली आणि शेजारच्या वाड्यांतली माणसं घेऊन बैलगाड्यांनी आले. पेट्रोल नव्हतं, मोटारीत जागा मिळत नव्हती. वाटेत उंब्रजला माझ्या मावशीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्यात पोचले. आमच्या परसात गाड्या सुटल्या. माणसं धुळीने माखलेली. आबा मला बघायला माजघराच्या दाराशी आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "वाळलीस गं बाय. खातीस का न्हाई?"

"खाते की."

"ह्यो वास कसला म्हनायचा?"

"चिरुटाचा."

"आमच्या पानाचा असा वास येत न्हाई," ते म्हणाले. "ह्यो कुजल्यागत येतोय."

त्यांच्या लोकांचं म्हणणं अगदी साधं होतं. रान लावायची नोंद करू, कर भरू, पण पान वाळून विकलं गेल्यावर भरू. आधी कुठून भरायचा? आणि साहेबाच्या शिपायांनी घरात शिरून बायकामाणसांसमोर उतरंडी विस्कटू नयेत. एवढंच. आबांनी हे मामंजींना सोप्यात बसून समजावून सांगितलं. मामंजींनी मान डोलावली.

"पाव्हणं, तुम्ही काळजी करू नका. सगळं मांडतो. तुमचे आणि आमचे हितसंबंध एकच."

आबांना हितसंबंध हा शब्द कळला नसावा, पण ते हात जोडून म्हणाले, "तुमच्यावर भरवसा हाय आमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डाकबंगल्यावर गेले. सासूबाई आणि मी जेवणाच्या तयारीला लागलो. एवढ्या माणसांचा स्वयंपाक. भात, आमटी, वांग्याची भाजी, आणि सणाला करतो तशी खीर. साखर रेशनची होती, म्हणून गूळ घातला. सासूबाई त्या दिवशी खुशीत होत्या. "तुझ्या माहेरची माणसं पहिल्यांदा पंगतीला बसतायत," त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी परसात पत्रावळी मांडून ठेवल्या.

ऊन चढल्यावर मंडळी परतली. शेतकरी मागच्या बाजूने परसात गेले आणि हातपाय धुऊन सावलीला बसले. मंडळाची माणसं सोप्यात शिरली आणि आल्या आल्या चिरूट पेटले. त्यांच्या हसण्याचा आवाज माजघरापर्यंत येत होता. गडी परसात पाणी देत होता, म्हणून चहाचं तबक मी दारापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले.

"सील उद्या निघणार!" डॉक्टर म्हणत होते. "साहेब मोठा समजूतदार निघाला."

"समजूतदार कशाचा," सुभेदार म्हणाले. "वकीलसाहेबांची चाल. काय पण बोललात! ‘साहेब, आम्ही सभ्य लोक, कर भरूनच माल घेतो. चोरी होते ती खाली, रानात. पान लपवतात ते शेतकरी. तिथं कायदा कडक करा, चिरुटावर कशाला?’ साहेबानं लगेच मान हलवली."

"आणि बाहेर झाडाखाली बसलेली ती गर्दी बघून त्याला पटलंसुद्धा," आणखी कोणीतरी म्हणालं. "म्हणाला, एवढे सगळे पिकवणारे? मग शिपाई वाढवले पाहिजेत."

सगळे हसले. मामंजीही हसले. मी फटीतून त्यांचं तोंड पाहिलं. ओठांत चिरूट, हनुवटीवर लाळेचा काळसर ओघळ, आणि डोळ्यांत समाधान.

तबक मी तिथेच जमिनीवर ठेवलं. मग स्वयंपाकघरातून, सासूबाईंच्या अंगावरून, परसात गेले. डोक्यावरचा पदर घसरला होता, मी तो सावरला नाही. तिथे चिरूटवाला व्यापारी आबांच्या शेजारी दगडावर बसला होता. तोही आत साहेबापुढे गेला होता, पण परत आल्यावर सोप्यात न जाता इकडे येऊन बसला होता.

"आबा," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेबाला तुमचं काही सांगितलेलं नाही. तुम्ही पान लपवता म्हणून सांगितलं. तुमच्यावर शिपाई वाढवणार आहेत."

आबा व्यापाऱ्याकडे वळले. "खरं का, भाई?"

तो उठून उभा राहिला. "व्हय आबा. माझ्या कानानं ऐकलं. मी तवाच तोंड उघडायला पायजे हुतं. माल माझा अडकला हुता, मी गप बसलो."

आबा उठले, पटका नीट केला आणि सोप्यात गेले. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले आणि आत पाऊल टाकलं. त्या घरात कुठल्या सुनेने परक्या पुरुषांसमोर असं पाऊल टाकलं नव्हतं.

"पाव्हणं," आबा म्हणाले, "पोरगी म्हनती ते खरं हाय का?"

मामंजींनी चिरूट तोंडातून काढला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे नाही. "सूनबाई, आत जा."

मी हलले नाही.

"मी इचारतोय," आबा म्हणाले.

"हे पाहा," मामंजी म्हणाले, "साहेबाशी बोलताना काही धोरण लागतं. आज आमचं सुटलं, उद्या तुमचंही सोडवू. टप्प्याटप्प्यानं जायचं असतं."

"आमाला चोर म्हनलात का न्हाई, तेवढं सांगा."

"शब्दाला काय धरून बसता! तुमच्यातले काही लपवतातच ना?"

आबा आवाज चढवणारे नव्हते. ते म्हणाले, "लपवत्यात. मी बी लपवलं असंल. पर तुमच्यासाठी दोन दिस गाडी हाकत आलो ते चोर म्हनून उभं ऱ्हायाला न्हवं."

सुभेदार मध्ये पडले. "अहो, बसा, जेवून घ्या, रागावू नका—"

"सुभेदारसायेब, माझं पोरगं पलटनीत हाय. तुमी बी पलटनीतलं. मी तुमच्याकडं बघून आलो हुतो." एवढं बोलून आबा वळले.

त्यांनी परसात जाऊन फक्त "चला रं" म्हटलं. माणसं उठली. कोणी वाद घातला नाही, शिवी दिली नाही. बैल जुंपले. सासूबाई हातात भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, निदान माणसांना तरी खाऊ द्या." आबांनी त्यांना हात जोडले. "तुमचा काय दोष न्हाई, आक्का." गाड्या निघून गेल्या. व्यापारी वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेला, हे मला नंतर कळलं.

पत्रावळींवर आम्ही मीठ आणि चटणी वाढून ठेवली होती. ती तशीच राहिली. मंडळाची माणसं मात्र जेवली. सुभेदारांनी खीर दोनदा मागून घेतली. गूळ छान लागलाय, असं ते मोठ्याने म्हणाले ते मी चुलीपाशी ऐकलं. माझ्या आयुष्यात मी खूप वाईट गोष्टी ऐकल्या असतील, पण त्या एका वाक्याइतकी शिसारी मला कशानेच आली नाही.

मामंजी माझ्याशी बोलायचे बंद झाले. सासूबाई रागावल्या नाहीत. दोन दिवसांनी माझ्या केसांना तेल लावताना त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं दाराआड उभी आहे. मला सुचलं नसतं." त्यापुढे त्यांनी तो विषय काढला नाही. बाळंतपणाला माहेरी जायचंच होतं, मला थोडं लवकर पाठवलं.

माघात पानं कापली. फाल्गुनात मला मुलगा झाला. आणि पान वाळून घरात आलं तसे शिपाई आले. लागणीची नोंद करायला एकच आला होता, आता चौघे होते. त्यांनी आमची कडब्याची गंज उपसली, माळ्यावरची मडकी उतरवली, मी बाळंतीण ज्या खोलीत पडले होते तिथल्या बाजेखाली काठी घालून पाहिलं. आबांनी काही लपवलेलं नव्हतं. सगळं पान त्यांनी पडवीत रचून ठेवलं होतं.

"ह्याचा कर आताच्या आता भरा," मोठा शिपाई म्हणाला.

"ईकल्याबिगर कुठनं भरू?"

"मग आमच्यासमोर जाळा. जाळलं की कर माफ, तशी सोय आहे कायद्यात."

आबांनी भाऊबंदांना बोलावलं आणि सगळी तंबाखू मागच्या रानात नेऊन स्वतःच्या हाताने पेटवली. वाळलेलं पान भडकून जळत नाही, धुमसतं. दिवसभर तो पिवळट जाड धूर गावावर बसून होता. माणसं तोंडाला फडकी बांधून हिंडत होती, म्हातारे खोकून हैराण झाले, गायीने चारा सोडला. मी खोलीचं दार लावून, फटींत लुगडी कोंबून, बाळाला पदराखाली घेऊन बसले. तरी त्याच्या टाळूला तो वास लागला. त्याला न्हाऊ घालताना कित्येक दिवस मला तो येत होता.

पुढच्या वर्षी आबांनी तंबाखू लावली नाही. त्या रानात शाळू आणि भुईमूग केला. पैसे कमी मिळाले, पण आईची बोटं स्वच्छ राहिली, असं तीच मला सांगायची.

मी साताऱ्याला परतले तेव्हा मंडळ मोडकळीला आलं होतं. सील निघालं होतं, पण मद्रासकडून नवा माल येत नव्हता. आगगाड्या लष्कराने घेतल्या होत्या. होत्या त्या पेट्या वाटून घ्यायच्या ठरल्या आणि तिथे भांडणं झाली. डॉक्टरांनी आजाऱ्यांच्या नावावर जास्त घेतले असं सुभेदार म्हणाले. सुभेदारांनी एक पेटी परस्पर कॅम्पातल्या गोऱ्यांना विकली असं डॉक्टर म्हणाले. एका रविवारी ती दोन वयस्कर माणसं आमच्या सोप्यात एकमेकांच्या अंगावर धावून गेली. एकाचा चष्मा फुटला, एकाचं धोतर सुटलं. पेटी उघडून पाहिली तर चिरुटांना बुरशी धरली होती. तरी त्यांनी ते पुसून पुसून वाटून घेतले. त्यानंतर बैठक झाली नाही.

लढाई संपल्यावर माझ्या यजमानांना सांगलीला नोकरी लागली आणि आम्ही तिथे बिऱ्हाड केलं. दोन खोल्या, नदीकडून वारा येणारी खिडकी. घरात कोणी काही ओढायचं नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. हे म्हणाले, "बाबा आले तर?" मी म्हटलं, "त्यांच्यासाठी बाहेर कट्टा आहे."

मामंजी आले आणि कट्ट्यावर बसले. माझ्याशी ते आता बोलू लागले होते, नातवामुळे. त्या दुपारबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, लाज वाटत असेल, म्हातारपणी माणसाला जुनं बोचत असेल.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी सांगलीत एक सत्कार समारंभ होता. जुन्या काळात सरकारशी झगडलेल्या काही मंडळींना बोलावलं होतं, त्यांत मामंजी होते. पांढरीशुभ्र टोपी घालून ते व्यासपीठावर बसले होते. मी बायकांच्या बाजूला मुलाला मांडीवर घेऊन होते. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "परकीय सरकारने गरीब शेतकऱ्याच्या तंबाखूवर अन्यायाचा कर लादला, तेव्हा आम्ही मंडळ स्थापून त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. माझे स्वतःचे व्याही गाड्या जुंपून माझ्या पाठीशी आले होते."

टाळ्या झाल्या. माझ्या शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "तुमचे सासरे ना?"

मी मुलाला कडेवर घेतलं आणि रांगेतून वाट काढत बाहेर पडले. मागे टाळ्या चालूच होत्या. यजमान नंतर आले. त्यांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "बाबा विचारत होते, मध्येच का गेली." मी म्हटलं, "काय सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगितलं, तिला ऐकवलं नाही." आमच्या संसारात त्यांनी वडिलांना उलटून दिलेलं ते एकच उत्तर.

पुढे आबा बाजाराला म्हणून सांगलीत आले, तेव्हा मी त्यांना भाषणातलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी नातवाला गुडघ्यावर बसवलं होतं. ते मोठ्याने हसले.

"बोलंना का," ते म्हणाले. "भाषनाला कर न्हाई."

आबांना हसू आलं. मला आलं नाही, आणि आज हे लिहितानाही येत नाही.